पुश अडलं तर: ग्राफिकल गिट क्लायंटमधली लॉगिनची दुखणी शोधायची कशी

गिट (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) चालवायला सोर्सट्री, टॉर्टॉइजगिट, गिटहब डेस्कटॉप, फोर्क, व्हीएस कोड यांपैकी काहीही क्लायंट वापरा, तक्रार साधारण एकच असते. कालपर्यंत पुश, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवणं, होत होतं, आज ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतंय. मग पासवर्ड तीनदा टाकून होतो, नवं टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी लांब अक्षरमाळ) बनवून होतं, शेवटी क्लायंट काढून पुन्हा इन्स्टॉल केला जातो, आणि लाल ओळ तिथेच राहते. कारण साधं आहे. बहुतेक वेळा तुमची ओळख क्लायंटमध्ये साठवलेलीच नसते. ती विंडोजच्या किंवा मॅकच्या पासवर्डांच्या तिजोरीत असते, नाहीतर एसएसएच एजंटकडे, म्हणजे एसएसएच लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे असते. क्लायंट तिथून ती मुकाट्याने उचलतो आणि सर्व्हरला दाखवतो. ती जुनी असेल, दुसऱ्याच खात्याची असेल, तरी तुम्हाला विचारत नाही.

म्हणून नवं काही बनवण्याआधी तीन गोष्टी शोधायच्या: रिमोटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीचा, पत्ता कोणत्या पद्धतीचा आहे, त्या पत्त्यासाठी ओळख कोण पुरवतंय, आणि सर्व्हरने नेमकं काय नाकारलं. हा लेख मुख्यतः गिटहब ही कोड ठेवण्याची सेवा धरून लिहिला आहे. गिटलॅब आणि बिटबकेट या तशाच सेवांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

पहिलं काम: संदेश पूर्ण वाचा

क्लायंट छोट्या चौकटीत फक्त शेवटची ओळ दाखवतो. कामाची ओळ बहुधा तिच्या वर असते. सोर्सट्रीमध्ये पुशच्या खिडकीत ‘शो फुल आउटपुट’ वर टिक करा. व्हीएस कोडमध्ये आउटपुट पॅनल उघडून यादीतून ‘गिट’ निवडा. गिटहब डेस्कटॉपमध्ये हेल्प मेनूतून लॉगचा फोल्डर उघडता येतो. टॉर्टॉइजगिट सगळं समोरच दाखवतो.

‘सपोर्ट फॉर पासवर्ड ऑथेंटिकेशन वॉज रिमूव्हड’ असं असेल तर क्लायंट खात्याचा पासवर्ड पाठवतोय. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी पासवर्ड घेणं बंद केलं. वेबसाइटवर तोच पासवर्ड चालतो, म्हणून गोंधळ होतो.

‘परमिशन टू अमुक डिनाइड टू तमुक’ आणि सोबत ४०३ हा आकडा दिसला तर नीट बघा, लॉगिन झालेलं आहे. सर्व्हरने ओळखलं, पण ‘तमुक’ म्हणून ओळखलं. तिथे लिहिलेलं युजरनेम तुमचं नसेल तर निदान तिथेच संपलं: या मशीनवर दुसऱ्याची ओळख साठलेली आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक पीसीवर आणि ऑफिसने आधी दुसऱ्याला दिलेल्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. नाव तुमचंच असेल तर त्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात, लिहिण्याचा हक्क तुम्हाला मिळालेला नाही, किंवा टोकनला तेवढी परवानगी नाही.

‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ हा सगळ्यात फसवा संदेश. पत्त्यात चूक असू शकते, पण खासगी रिपॉझिटरीच्या बाबतीत गिटहब अनोळखी माणसाला ती आहे हेसुद्धा कळू देत नाही. म्हणजे चुकीच्या खात्याने गेलात तरी हेच उत्तर येतं. ब्राउझरमध्ये ती रिपॉझिटरी उघडते आणि क्लायंटमध्ये सापडत नाही, असं असेल तर पत्ता तपासण्यात वेळ घालवू नका, खातं तपासा.

‘परमिशन डिनाइड’ आणि पुढे कंसात ‘पब्लिककी’ असेल तर प्रश्न एसएसएचचा आहे. ‘नो सपोर्टेड ऑथेंटिकेशन मेथड्स अव्हेलेबल’ हेही एसएसएचचंच, पण ही भाषा पुट्टी या वेगळ्या एसएसएच प्रोग्रामसोबत येणाऱ्या प्लिंकची आहे. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरं काम: रिमोटचा पत्ता बघा

सोर्सट्रीमध्ये रिपॉझिटरी सेटिंग्जमधला रिमोट्सचा टॅब, गिटहब डेस्कटॉपमध्ये रिपॉझिटरी मेनूतली सेटिंग्ज, टॉर्टॉइजगिटमध्ये सेटिंग्जमधलं गिट आणि त्याखालचं रिमोट. टर्मिनलवर ‘गिट रिमोट -व्ही’.

पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर टोकनचा किंवा ब्राउझर लॉगिनचा रस्ता आहे, आणि एसएसएचच्या किल्लीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ‘गिट अ‍ॅट’ने सुरू होत असेल तर किल्लीचा रस्ता आहे, आणि तिथे टोकन कितीही नवी बनवली तरी फरक पडणार नाही. निम्मा वेळ वाया जातो तो इथे, कारण माणूस किल्ली दुरुस्त करत बसतो आणि पत्ता एचटीटीपीएसचा असतो.

पत्त्यातच युजरनेम बसलेलं आहे का तेही बघा. गिटहब डॉट कॉमच्या आधी कुणाचं तरी नाव आणि अ‍ॅटचं चिन्ह असेल तर क्लायंट त्याच नावाने ओळख शोधणार. आणि तिथे टोकनच चिकटवलेलं दिसलं तर आधी ते टोकन वेबसाइटवरून रद्द करा, मग पत्ता स्वच्छ करा. तो पत्ता साध्या मजकुरात डिस्कवर पडलेला असतो.

जाता जाता एक गोष्ट. ‘युजर डॉट नेम’ आणि ‘युजर डॉट ईमेल’ बदलून लॉगिन सुधारत नाही. ती नावं कमिटवर, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीवर, छापली जातात, एवढंच. सर्व्हर तुम्हाला त्यांवरून ओळखत नाही.

एचटीटीपीएस: आधी जुनं काढा, मग नवं टाका

हा क्रम पाळलाच पाहिजे. जुनी नोंद तिजोरीत असेपर्यंत क्लायंट नवी मागत नाही.

प्रथम ओळख कोण सांभाळतंय ते बघा. टर्मिनलवर ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर’ चालवलं की हेल्परचं, म्हणजे ओळख पुरवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव आणि ते कोणत्या फाइलमध्ये लिहिलंय, दोन्ही दिसतं. विंडोजवर ‘मॅनेजर’ दिसायला हवं, म्हणजे गिट क्रेडेन्शियल मॅनेजर. ‘मॅनेजर-कोर’ दिसलं आणि सोबत ‘क्रेडेन्शियल-मॅनेजर-कोर इज नॉट अ गिट कमांड’ अशी तक्रार येत असेल तर ते जुनं नाव आहे. नव्या आवृत्त्यांत ते गेलं. त्या फाइलमध्ये ‘मॅनेजर-कोर’च्या जागी ‘मॅनेजर’ लिहा. हेल्पर दोनदा लिहिलेला असेल तर त्यांना क्रमाने विचारलं जातं, आणि जो आधी पूर्ण उत्तर देतो त्याची नोंद वापरली जाते. जुनी ओळख परत परत उगवते ती अशामुळे.

मग नोंद काढा.

१. विंडोज: स्टार्टमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ शोधा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ उघडा. खाली ‘जेनेरिक क्रेडेन्शियल्स’मध्ये ‘गिट’ने सुरू होणारी आणि गिटहबचा पत्ता असलेली नोंद सापडेल. उघडून युजरनेम वाचा. ते तुमचं आहे की नाही यावरून बरंच कळतं. मग ‘रिमूव्ह’. गिटहब डेस्कटॉप आणि व्हीएस कोड आपल्या वेगळ्या नोंदी ठेवतात, त्यांना हात लावू नका.

२. मॅक: कीचेन अ‍ॅक्सेस उघडा, गिटहब डॉट कॉम शोधा, ‘इंटरनेट पासवर्ड’ प्रकारची नोंद काढा.

३. लिनक्स: लिबसीक्रेट वापरत असाल तर सीहॉर्ससारख्या कीरिंगच्या प्रोग्राममध्ये. हेल्पर ‘स्टोअर’ असेल तर होम फोल्डरमध्ये ‘.गिट-क्रेडेन्शियल्स’ फाइल असते आणि तिच्यात सगळं उघड्या मजकुरात असतं. तेवढी ओळ काढा आणि जमलं तर हा हेल्परच सोडा. ‘कॅश’ असेल तर काही करायला नको, तो ठरवून बदललं नसेल तर ९०० सेकंदांनी विसरतो. पण दर पंधरा मिनिटांनी लॉगिन का मागतंय, याचं उत्तरही तेच.

आता पुन्हा पुश करा. गिट क्रेडेन्शियल मॅनेजर असेल तर लॉगिनची खिडकी येईल. तिच्यात ब्राउझरचा पर्याय निवडा, टोकनची गरजच उरत नाही. फक्त एक जपा. ब्राउझरमध्ये त्या क्षणी जे खातं उघडं असेल त्यालाच मंजुरी मिळते. ऑफिसचं काम आणि ब्राउझरमध्ये घरचं खातं, असं असेल तर तुम्ही नुकतीच काढलेली चूक परत तिजोरीत जाऊन बसेल. मंजुरीच्या पानावर वरचं नाव वाचल्याशिवाय हिरवं बटण दाबू नका.

टोकनच लागणार असेल तर पासवर्डच्या जागी ते चिकटवायचं, युजरनेम नेहमीचंच. आता टोकन चुकतं कुठे ते बघू. जुन्या धाटणीच्या, म्हणजे ‘क्लासिक’ टोकनला ‘रेपो’ परवानगी हवी. नव्या ‘फाइन-ग्रेन्ड’ टोकनमध्ये तीन ठिकाणी घसरायला होतं: ‘रिसोर्स ओनर’ म्हणून संस्थेऐवजी स्वतःचं खातं राहतं, रिपॉझिटरींच्या यादीत हवी ती निवडलेली नसते, किंवा ‘कंटेंट्स’ला फक्त वाचण्याची मुभा असते. तिसऱ्यात पुल, म्हणजे सर्व्हरवरून बदल आणणं, होतं आणि पुश होत नाही, आणि माणूस नेटवर्कला दोष देत बसतो. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या वर्कफ्लो फाइलमध्ये बदल असेल तर ‘वर्कफ्लो’ परवानगी वेगळी लागते. बाकी सगळे पुश होतात आणि तेवढाच अडतो, तेव्हा हे आठवा.

संस्थेने एकत्रित लॉगिन, म्हणजे सॅमल एसएसओ सक्तीचं केलं असेल तर क्लासिक टोकन बनवून भागत नाही. टोकनांच्या यादीत त्याच्यापुढे ‘कॉन्फिगर एसएसओ’ असतं, तिथे त्या संस्थेसाठी मंजुरी द्यावी लागते. एसएसएचच्या किल्लीलाही हीच पायरी आहे. आणि क्लायंट ब्राउझर लॉगिनने जोडलेला असेल तर संस्थेने बाहेरच्या अ‍ॅपना बंदी केलेली असू शकते. तेव्हा उपाय तुमच्या हातात नसतो, संस्थेच्या अ‍ॅडमिनने त्या अ‍ॅपला मान्यता द्यायला हवी.

मुदत संपणं हे तर सगळ्यात साधं कारण. शिवाय वर्षभर न वापरलेलं टोकन गिटहब स्वतःहून काढून टाकतं. गिटलॅबवर टोकनला ‘राइट रिपॉझिटरी’ परवानगी लागते, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केलंत की एचटीटीपीएसवर खात्याचा पासवर्ड चालत नाही. बिटबकेटने मार्च २०२२ पासून खात्याचा पासवर्ड बंद करून त्याच्या जागी अ‍ॅप पासवर्ड वापरायला लावले होते. सप्टेंबर २०२५ पासून तेही नव्याने बनवता येत नाहीत, त्यांच्या जागी एपीआय टोकन आहेत. त्यामुळे जुने लेख वाचून बिटबकेटच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप पासवर्डचं बटण शोधत बसू नका.

सोर्सट्रीची स्वतःची तिजोरी

वर म्हटलं की ओळख क्लायंटमध्ये नसते. सोर्सट्री हा महत्त्वाचा अपवाद आहे. विंडोजवर तो टूल्स, ऑप्शन्स, ऑथेंटिकेशन इथे आपली खाती ठेवतो आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये साठवतो. आधी त्या टॅबमधलं खातं काढून पुन्हा जोडा. तरी जुनाच पासवर्ड पुढे येत असेल तर सोर्सट्री पूर्ण बंद करा, लोकल अ‍ॅपडेटामध्ये अ‍ॅटलासियन आणि त्यात सोर्सट्री हा फोल्डर उघडा, ‘पासडब्ल्यूडी’ नावाची फाइल दुसरीकडे हलवा आणि सोर्सट्री पुन्हा सुरू करा. हा उपाय कडक वाटतो, पण साठवलेला पासवर्ड अडून बसला की तोच लागू पडतो.

सोर्सट्री आपल्यासोबत स्वतःचं गिटही आणतो. टर्मिनलमधून पुश होतं आणि सोर्सट्रीतून होत नाही, असं असेल तर ऑप्शन्समधल्या गिटच्या टॅबवर जाऊन सिस्टीमचं गिट निवडा. मग दोन्हीकडे एकच गिट, एकच हेल्पर राहतो. माझ्या मते हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

गिटहब डेस्कटॉपचं सोपं आहे. फाइल, ऑप्शन्स, अकाउंट्स इथे साइन आउट करा आणि पुन्हा साइन इन करा. पण त्याचा ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’चा संदेश चार-पाच शक्यता एकत्र मोजतो, आणि त्यांत रिपॉझिटरी अर्काइव्ह केलेली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवलेली, असणं हीसुद्धा एक आहे. तसं असेल तर कोणतंही लॉगिन चालणार नाही. व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूला खाली अकाउंट्सचं चिन्ह आहे, तिथून साइन आउट करा.

एसएसएच: दोन वेगळी कुटुंबं

एसएसएचचे प्रश्न विंडोजवर सगळ्यात चिवट असतात, कारण तिथे ओपनएसएसएच आणि पुट्टी अशी दोन कुटुंबं शेजारी नांदतात आणि एकमेकांच्या किल्ल्या ओळखत नाहीत. ओपनएसएसएचची किल्ली होम फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’ मध्ये असते. पुट्टीची किल्ली ‘पीपीके’ फाइलमध्ये असते आणि पेजंट हा पुट्टीचा एजंट ती सांभाळतो. तुम्ही किल्ली ओपनएसएसएचची बनवलीत आणि क्लायंट प्लिंक वापरत असेल, तर किल्ली बरोबर, गिटहबवर नोंदही बरोबर, तरी प्रवेश नाही.

सोर्सट्रीमध्ये टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे ‘एसएसएच क्लायंट कॉन्फिगरेशन’ आहे. ओपनएसएसएच निवडा आणि किल्लीची फाइल दाखवा. टॉर्टॉइजगिट ठरवून बदललं नसेल तर आपलं टॉर्टॉइजगिटप्लिंक वापरतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क या पानावर एसएसएच क्लायंटच्या जागी एसएसएच डॉट एक्सईचा मार्ग द्या, की तोही ओपनएसएसएचवर येतो. सगळे क्लायंट एकाच कुटुंबात आणणं, हाच माझा आग्रह आहे.

पुट्टीतच राहायचं असेल तर पुट्टीजेनमध्ये कन्व्हर्जन्स मेनूतून किल्ली आयात करा, पीपीके म्हणून जतन करा, पेजंटमध्ये घाला. पुट्टी ०.७५ पासून पीपीकेचा साचा बदलला. जुन्या प्लिंकने ‘की फॉरमॅट टू न्यू’ म्हटलं तर त्याला तो वाचता येत नाहीये, पुट्टी अद्ययावत करा. आणि ‘होस्ट की इज नॉट कॅश्ड’ आलं तर प्लिंक हो-नाहीची वाट बघत थांबलेला असतो, पण विचारायला खिडकी नसते. पुट्टी एकदा उघडून गिटहब डॉट कॉमला २२ पोर्टवर जोडा, दिसणारा फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या किल्लीची छोटी खूण) गिटहबने प्रसिद्ध केलेल्याशी ताडून बघा, मगच स्वीकारा.

ओपनएसएसएच बाजूची चाचणी एका ओळीत होते: ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’, यातला टी मोठ्या लिपीतला. ‘हाय’ आणि पुढे तुमचं युजरनेम आलं तर किल्ली चालतेय आणि दोष क्लायंटच्या सेटिंगमध्ये आहे. दुसरंच युजरनेम आलं तर भलतीच किल्ली पुढे जातेय. नकार आला तर -व्ही जोडून पुन्हा चालवा. कोणत्या किल्ल्या दाखवल्या गेल्या याची यादी दिसेल.

टर्मिनलमध्ये चालतं आणि क्लायंटमध्ये नाही, यामागे बहुधा पासफ्रेज, म्हणजे किल्लीवर घातलेला पासवर्ड, असते. टर्मिनल ती विचारू शकतं, पुष्कळ क्लायंट विचारू शकत नाहीत. म्हणून किल्ली आधीच एजंटमध्ये हवी. विंडोजवर सर्व्हिसेसमध्ये ‘ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट’ बंद असतो. तो ऑटोमॅटिक करून सुरू करा, मग ‘एसएसएच-अ‍ॅड’ने किल्ली घाला. इथे आणखी एक खोच आहे: गिट फॉर विंडोज स्वतःचं एसएसएच आणतं आणि ते विंडोजच्या एजंटशी बोलत नाही. ‘कोअर.एसएसएचकमांड’ या सेटिंगला सिस्टीम३२ मधल्या ओपनएसएसएच फोल्डरातल्या एसएसएच डॉट एक्सईचा मार्ग द्या, की जुळतं. मॅकवर डॉकमधून उघडलेला अ‍ॅप तुमची झेडएसएचआरसी फाइल वाचत नाही, त्यामुळे तिच्यात सुरू केलेला एजंट त्याला दिसत नाही. ‘एसएसएच-अ‍ॅड --अ‍ॅपल-यूज-कीचेन’ने किल्ली कीचेनमध्ये ठेवा आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘अ‍ॅडकीजटूएजंट’ आणि ‘यूजकीचेन’ दोन्ही ‘येस’ करा.

जुन्या आरएसए किल्लीवर ‘शा-१ नो लाँगर अलाउड’ अशी तक्रार आली तर डागडुजी नको. ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली बनवा आणि क्लायंट अद्ययावत करा.

‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ हा इशारा मात्र डोळे मिटून पुसू नका. गिटहबने २४ मार्च २०२३ रोजी आपली आरएसए होस्ट की, म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख-किल्ली, बदलली, कारण तिचा खासगी भाग थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. बरीच वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपवर हा इशारा त्यामुळेच येऊ शकतो. तरीही नवा फिंगरप्रिंट ताडून मगच ‘एसएसएच-कीजेन -आर गिटहब.कॉम’, यातला आर मोठ्या लिपीतला, चालवून जुनी नोंद काढा.

एका मशीनवर दोन खाती

एचटीटीपीएसवर सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक रिपॉझिटरीच्या पत्त्यात तिचं युजरनेम घालणं. गिट क्रेडेन्शियल मॅनेजर मग नोंदी वेगळ्या ठेवतो. एसएसएचवर गोष्ट नाजूक आहे. एजंट किल्ल्या एकामागून एक दाखवतो आणि गिटहब ओळखीची पहिली किल्ली मान्य करतं. ती घरच्या खात्याची निघाली तर लॉगिन यशस्वी होतं आणि ऑफिसची रिपॉझिटरी ‘नॉट फाउंड’ होते. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये दोन टोपणनावं द्या, प्रत्येकाखाली ‘होस्टनेम’ गिटहबचं, ‘आयडेंटिटीफाइल’ आपापली आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’. ही शेवटची ओळ राहिली तर बाकीचा खटाटोप फुकट जातो. मग रिमोटच्या पत्त्यात गिटहबच्या जागी ते टोपणनाव लिहा. पुट्टीवाले क्लायंट ही फाइल वाचत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

ऑफिसच्या नेटवर्कवर

घरी चालतं, ऑफिसात नाही, तर ओळखीला दोष देऊ नका. २२ पोर्ट बंद असेल तर कॉन्फिगमध्ये गिटहबसाठी ‘होस्टनेम’ एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम आणि पोर्ट ४४३ करा. ४०७ हा आकडा प्रॉक्सीचा, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधल्या सर्व्हरचा, आहे. डोमेनचा पासवर्ड बदलल्यावर ‘एचटीटीपी.प्रॉक्सी’ या सेटिंगमध्ये जुना राहिला असेल. ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ म्हणजे कंपनीचा प्रॉक्सी मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट देतोय. विंडोजवर ‘एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड’ ला ‘एसचॅनल’ केलं की गिट विंडोजची सर्टिफिकेटं मानू लागतं. ‘एसएसएलव्हेरिफाय फॉल्स’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो घेऊ नका. त्याने तुमचं टोकन वाटेतल्या कुणाच्याही हाती पडू शकतं.

झालं का, ते तपासताना

सार्वजनिक रिपॉझिटरीवर फेच किंवा पुल होणं हा पुरावा नव्हे, कारण एचटीटीपीएसवर त्याला ओळख लागतच नाही. ‘गिट पुश --ड्राय-रन’ चालवा. तो सर्व्हरकडे लिहिण्याच्या दाराने जातो पण काही पाठवत नाही. मग तेच क्लायंटमधून खऱ्या पुशने बघा. एवढं करूनही अडलं आणि अ‍ॅडमिनला लिहायचं असेल तर रिमोटचा पत्ता, पूर्ण संदेश, क्लायंटचं आणि गिटचं व्हर्जन, हेल्परचं नाव आणि एसएसएच चाचणीचं उत्तर एकत्र द्या. पाठवण्याआधी त्या मजकुरात ‘जीएचपी’, ‘गिटहब पॅट’ किंवा ‘जीएलपॅट’ने सुरू होणारी लांब अक्षरमाळ शोधा. सापडली तर नुसती खोडू नका, ते टोकन रद्द करून नवं बनवा.